देवाबादचा रस्ता मराठीतून जातो

पातळी : प्रगत
विषय : जिन, जादू, युद्ध आणि सूड यांच्या कथा

वाचण्यापूर्वी

खाली वाचायला लागण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि शेजाऱ्याशी मराठीत बोला.

• तुम्ही जादूच्या आणि लढायांच्या मोठ्या कादंबऱ्या वाचता का? शेवटची कोणती वाचलीत?
• त्या गोष्टीत कोणी कोणाचा सूड घेतो का? सूड घेतल्यावर गोष्ट संपते, की पुढे चालू राहते?
• ‘जादू’, ‘किल्ला’, ‘फौज’ हे शब्द मराठीत कुठून आले असतील? अंदाज करा.

१. किंग्जवेवरचं वाचनालय

ग्लेन वेव्हर्ली स्टेशन हा आपल्या रेल्वेमार्गाचा शेवटचा थांबा. तिथून चालत निघालं की थोड्याच वेळात किंग्जवेवरचं वाचनालय लागतं. आमच्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटली की तिथे जाते. एकदा तिने तिथून एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. नाव ‘द सिटी ऑफ ब्रास’, लेखिका एस. ए. चक्रबर्ती. हे पुस्तक २०१७ साली अमेरिकेत निघालं. तीन भागांच्या मालिकेतला हा पहिला भाग आहे.

गोष्ट अठराव्या शतकातल्या कैरो शहरात सुरू होते. नाहरी नावाची एक मुलगी लोकांना थोडंफार फसवून, थोडंफार बरं करून पोट भरत असते. एके दिवशी चुकून तिच्या हाकेला एक योद्धा धावून येतो. तो माणूस नसतो. त्याच्याबरोबर ती एका गुप्त शहरात पोचते. तिथे जिनांच्या जमाती राहतात. शहरावर एका घराण्याचं राज्य आहे. पण ते त्यांनी फार पूर्वी दुसऱ्या घराण्याकडून युद्धात जिंकून घेतलेलं आहे. हरलेले लोक ते विसरलेले नाहीत. जिंकलेल्यांनाही आपल्यावर झालेले जुने अन्याय पाठ आहेत. आणि या दोघांच्या मध्ये अर्धे माणूस, अर्धे जिन असे गरीब लोक भरडले जातात. प्रत्येकाकडे आपापल्या दुःखाची यादी आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की आपला सूड म्हणजेच न्याय.

ती मुलगी सोफ्यावर पाय घेऊन वाचत बसली होती. तिची आजी तेव्हा सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आली होती.

“काय वाचतेस एवढं?” आजीने विचारलं.

“जिनांची गोष्ट आहे आजी. तुला नाही कळणार. मराठीत असलं काही नसतं.”

आजी हसली. “असं होय? मग हातिमताई कोण, तुझा काका?”

मुलीला हातिमताई कोण ते माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तिने वर्गात येऊन विचारलं. आजचा पाठ तिच्या त्या प्रश्नातून तयार झाला आहे. ‘मराठीत असलं काही नसतं’ हे वाक्य खरं आहे का, ते आपण शोधूया.

२. देव म्हणजे कोण?

आधी फक्त नावं बघूया. त्या गुप्त शहराचं नाव आहे देवाबाद. नावाचे दोन तुकडे करा : देव आणि आबाद.

‘आबाद’ हा फारसी शब्द. अर्थ : वस्ती असलेलं, भरभराटीचं. औरंगाबाद, दौलताबाद, हैदराबाद या नावांत तो आहे. सगळं छान चाललं असेल तर मराठीत आपण ‘आबादीआबाद आहे’ असं म्हणतो. तोच हा शब्द.

‘देव’ मात्र गमतीचा आहे. मराठीत देव म्हणजे ज्याला आपण नमस्कार करतो तो. जुन्या फारसीत याच मुळातून आलेला शब्द राक्षसासाठी वापरतात! फारसी आणि उर्दू कथांमध्ये ‘देव’ आला की समजायचं, शिंगं असलेला, डोंगराएवढा कोणीतरी आला. संस्कृत आणि जुनी इराणी भाषा या बहिणी-बहिणी. फार पूर्वी दोघींकडे हा एकच शब्द होता. एका घरात त्याचा अर्थ ‘पूज्य’ असा राहिला, दुसऱ्या घरात तो ‘दुष्ट’ झाला. म्हणजे एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा लागेल.

आता नाहरीचं नाव. अरबीत ‘नहर’ म्हणजे नदी. मराठीत ‘नहर’ म्हणजे पाण्याचा पाट, कालवा. मलिक अंबर हा निजामशाहीचा मोठा सेनापती. तो मूळचा आफ्रिकेतला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आणि आज त्याचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या शहराला पाणी मिळावं म्हणून त्याने जमिनीखालून पाट काढले. त्यांना ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात.

‘जिन’ हा शब्दही अरबी. त्याच्या मुळाशी ‘लपलेलं, न दिसणारं’ असा अर्थ आहे. ‘परी’ फारसी आहे आणि ‘जादू’ही फारसी आहे. वजीर, किल्ला, बुरूज, फौज, खंजीर, हुकूम हे सगळे शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आले. ‘पेशवा’ हा शब्दसुद्धा फारसीच. अर्थ : पुढे चालणारा.

हे शब्द मराठीत इतके मिसळले होते की शिवाजीमहाराजांनी रघुनाथपंडितांकडून ‘राजव्यवहारकोश’ नावाचा खास कोश करून घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवावेत, हा त्याचा उद्देश. काही शब्द बदलले, पण पुष्कळसे राहिले. आज तुम्ही ‘किल्ला’ म्हणता, ‘दुर्ग’ कधीतरीच म्हणता. म्हणजे अशी कादंबरी मराठीत सांगायची ठरवलीत, तर तिची निम्मी शब्दसंपत्ती तुमच्याकडे आधीच तयार आहे.

३. विजापूरची महाकथा

“शब्द ठीक आहेत,” ती मुलगी म्हणाली, “पण गोष्टी कुठे आहेत?”

त्यासाठी आजीच्या गावाजवळच जायला हवं. सोलापूरपासून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. आज ते कर्नाटकात आहे. सतराव्या शतकात ते आदिलशाहीची राजधानी होतं. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा आदिलशाहीत होता. कितीतरी मराठी सरदार, कारकून आणि शिपाई तिथे नोकरीला होते. शिवाजीमहाराजांचे वडील शहाजीराजे हे आदिलशाहीचेच मोठे सरदार.

या दरबारात फारसीबरोबर आणखी एक भाषा चालत होती : दखनी. ती उर्दूची दख्खनमध्ये वाढलेली बहीण. शेजारी राहून तिने मराठीतले शब्द उचलले. आजही हैदराबादेत लोक ‘नक्को’ म्हणतात. ते आपलं ‘नको’ आहे.

१६४९ साली विजापूरच्या रुस्तमी नावाच्या कवीने दखनीत एक प्रचंड काव्य पूर्ण केलं. नाव ‘खावरनामा’. मूळ काव्य फारसीतलं, इब्न हुसाम या कवीचं. राणी खदिजा सुलतान हिच्या इच्छेवरून रुस्तमीने ते दखनीत आणलं. त्यात सुमारे २४ हजार द्विपदी आहेत.

या काव्याचे नायक हजरत अली. ते पैगंबर मुहम्मद यांचे चुलतभाऊ आणि जावई. इतिहासातले अली खरे होते, पण ‘खावरनामा’तले प्रसंग कल्पनेतले आहेत. नायक पूर्वेच्या दूरच्या देशात जातो. तिथे राजे आहेत, जादूगार आहेत, अजगर आहेत, आणि तेच ते ‘देव’ आहेत. लढाईमागून लढाई होते. आज आपण ज्याला ‘एपिक फँटसी’ म्हणतो, त्यात आणि यात फारसा फरक नाही.

आता साल पुन्हा बघा : १६४९. आदल्या वर्षी, १६४८ मध्ये, आदिलशाहीने शहाजीराजांना कैद केलं होतं. १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणजे विजापुरात राजकारणाचं खरं नाट्य चालू होतं, आणि त्याच गावात एक कवी अजगरांच्या आणि जादूगारांच्या लढाया लिहीत होता.

थोड्याच वर्षांनी, १६५७ च्या सुमारास, विजापूरच्याच नुसरती या कवीने ‘गुलशन-ए-इश्क’ लिहिलं. कवी मुसलमान, भाषा दखनी, नायक-नायिकेची नावं मनोहर आणि मधुमालती. मधुमालतीची कथा उत्तर हिंदुस्थानात आधीपासून प्रसिद्ध होती. नुसरतीच्या काव्यात पऱ्या येतात, राक्षस येतात, आणि राजपुत्र समुद्र, जंगलं पार करून जातो. ही गोष्ट कोणाची म्हणायची? हिंदूंची की मुसलमानांची? उत्तरेची की दख्खनची? त्या काळच्या ऐकणाऱ्यांना बहुधा हा प्रश्नच पडला नसता. त्यांना पुढे काय झालं ते हवं होतं.

४. एक युद्ध, दोन गोष्टी

पण प्रत्येक गोष्ट अशी सगळ्यांची नसते. आता थोडा अवघड भाग.

त्याच नुसरतीने पुढे ‘अलीनामा’ लिहिला. यात जादू नाही, खरी युद्धं आहेत. त्याचा नायक विजापूरचा सुलतान, दुसरा अली आदिलशहा. सुलतानाचे शत्रू दोन : मोगल आणि शिवाजीमहाराज. कवी सुलतानाच्या दरबारातला. त्यामुळे त्याच्या काव्यात महाराज हे शत्रूच आहेत.

दुसरीकडे, १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडाखाली शिवाजीमहाराजांनी अफझलखानाला मारलं. या प्रसंगावर अज्ञानदास नावाच्या शाहिराने पोवाडा रचला. त्यात नायक महाराज आणि शत्रू अफझलखान. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हीच गोष्ट माहीत असते. तुम्हीही ती शिवजयंतीला स्टेजवर केली असेल.

म्हणजे युद्ध एकच काळातलं, प्रदेश एकच, आणि दोन भाषा एकमेकींच्या शेजारणी. एका गोष्टीतला नायक दुसऱ्या गोष्टीतला शत्रू. आठवा : एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस.

मग दोन्ही गोष्टी सारख्याच, असं म्हणायचं का? तसं नाही. कोण कोणावर चालून आलं, कोणाची गावं जळली, हे प्रश्न खरे आहेत आणि इतिहासकार कागदपत्रांवरून त्यांची उत्तरं शोधतात. पण गोष्ट ऐकताना ती कोणाच्या अंगणात बसून सांगितली जाते आहे, हे विचारण्याची सवय हवी.

आणखी एक. गोष्टीत दोन बाजू स्वच्छ वेगळ्या दिसतात. एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला ते. प्रत्यक्षात तसं नव्हतं. अफझलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी होता. ही खरी माणसं गोष्टीच्या चौकटीत नीट बसत नाहीत. म्हणूनच ती आठवायला हवीत.

‘द सिटी ऑफ ब्रास’ वाचताना हेच होतं. सुरुवातीला वाटतं, अमुक जमात वाईट. शंभर पानांनंतर त्यांची बाजू कळते. आणखी शंभर पानांनंतर आपल्या आवडत्या योद्ध्याचे हात किती रक्ताने माखले आहेत ते कळतं. वाचणाऱ्याची पंचाईत होते. ती व्हावी म्हणूनच लेखिकेने कथा अशी रचली असावी, असं वाटतं.

५. खजुराची बी

आता या सगळ्या कथांच्या आजीकडे जाऊया : अरबी भाषेतल्या हजार आणि एक रात्री.

या कथेची सुरुवातच सुडाने होते. शहरयार राजाची राणी त्याला फसवते. तो तिला मारतो. पण त्याचा राग तिथे थांबत नाही. तो ठरवतो की रोज एका मुलीशी लग्न करायचं आणि सकाळी तिला ठार करायचं. एका स्त्रीच्या अपराधाची शिक्षा राज्यातल्या सगळ्या मुलींना! वजिराची मुलगी शहरजाद हे ऐकते आणि आपणहून राजाशी लग्न करते. रात्री ती गोष्ट सांगायला लागते, आणि पहाट होते तेव्हा गोष्ट नेमकी अर्धी राहिलेली असते. पुढचं ऐकायचं असेल तर राजाने तिला एक दिवस जगू द्यायला हवं.

हे पुष्कळांना माहीत असतं. पण तिने पहिली गोष्ट कोणती सांगितली, ते फार लोकांना आठवत नाही. ती अशी :

एक व्यापारी प्रवासात एका झाडाखाली बसून खजूर खातो आणि बी फेकून देतो. एकदम एक भलामोठा जिन तलवार उपसून समोर येतो. “तू माझ्या मुलाला मारलंस. आता मी तुला मारणार.” त्या जिनाचा मुलगा तिथून चालला होता. तो दिसला नाही, आणि बी त्याला लागून तो मेला.

व्यापारी गयावया करतो. म्हणतो, लोकांची देणी आहेत, ती फेडून येतो, एक वर्षाची मुदत दे. जिन मुदत देतो. आणि व्यापारी खरोखरच वर्षाने त्याच झाडाखाली परत येतो. रडत बसतो.

तेवढ्यात तीन म्हातारे वाटसरू एकामागून एक तिथे येतात. पहिल्याबरोबर एक हरिणी, दुसऱ्याबरोबर दोन काळे कुत्रे, तिसऱ्याबरोबर एक खेचर. व्यापाऱ्याची हकिकत ऐकून ते थांबतात. जिन येतो तेव्हा पहिला म्हातारा म्हणतो, “मी तुला माझी गोष्ट सांगतो. ती तुला अद्भुत वाटली, तर या माणसाच्या रक्तातला तिसरा हिस्सा मला दे.” जिन कबूल होतो. मग दुसरा गोष्ट सांगतो, मग तिसरा. तीन गोष्टी, तीन हिस्से. जिनाच्या मनातला सूड शांत होतो. व्यापारी सुटतो.

शहरजाद ही गोष्ट कोणाला सांगते आहे, ते विसरू नका. समोर तोच राजा बसला आहे. जिनाच्या जागी तो आहे, व्यापाऱ्याच्या जागी ती स्वतः. ती त्याला उपदेश करत नाही. “सूड घेऊ नकोस” असं एकदाही म्हणत नाही. ती फक्त एक जिन दाखवते, ज्याचं दुःख खरं आहे, ज्याचा मुलगा खरोखर गेला आहे, आणि तरीही जो गोष्ट ऐकायला थांबला.

जिनाचं दुःख खोटं असतं तर ही गोष्ट बालिश झाली असती. ते खरं आहे, म्हणूनच त्याच्या थांबण्याला किंमत आहे.

६. चिपळूणकर ते गौरी देशपांडे

या गोष्टी मराठीत कधी आल्या? तोंडी कितीतरी आधी आल्या असतील. छापील पुस्तकाचं सांगायचं तर एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हे काम हाती घेतलं. ते संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी या कथा इंग्रजीवरून मराठीत आणल्या. पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचाही या कामाला हात लागला. पुस्तकाचं नाव : ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी ते वाचलं.

मराठी कादंबरी तेव्हा नुकती चालायला शिकत होती. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. या कादंबऱ्यांत राजपुत्र, सुंदर राजकन्या, कपटी दुष्ट माणसं, संकटांवर संकटं आणि अद्भुत योगायोग भरलेले असत. त्यांच्यात संस्कृत कथांचा रंग आहे आणि अरबी-फारसी कथांचाही. नंतर हरिभाऊ आपटे आले. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आली, आणि मराठी कादंबरी राजवाड्यातून उठून वाड्याच्या माजघरात जाऊन बसली. जादूच्या गोष्टी मग मुलांच्या मानल्या गेल्या. कदाचित म्हणूनच आपल्या वर्गातल्या मुलीला वाटलं, की मराठीत मोठ्यांसाठी असलं काही नसतं.

पण असं समजू नका की हा रस्ता बंद झाला. १९७० च्या दशकात लेखिका गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ‘अरेबियन नाइट्स’चा मराठी अनुवाद केला. एकूण सोळा खंड! ही मोठ्यांसाठीची, न गाळलेली आवृत्ती. एका स्त्रीने हजार रात्री सांगितलेल्या कथा मराठीत एका स्त्रीने इतक्या निष्ठेने आणाव्यात, हे छानच जुळून आलं.

आणि आजीचा हातिमताई? हातिम हा सहाव्या शतकातला खराखुरा अरब कवी, तय जमातीचा. त्याच्या उदारपणाच्या गोष्टी इतक्या पसरल्या की पुढे फारसीत त्याच्यावर एक मोठी अद्भुत कथा तयार झाली. हुस्नबानू नावाची एक श्रीमंत स्त्री लग्नासाठी सात प्रश्नांची अट घालते. प्रेमात पडलेल्या राजपुत्राला ते झेपत नाही. मग हातिम त्याच्यासाठी सात वेळा घराबाहेर पडतो, जादूच्या प्रदेशांतून जातो आणि उत्तरं घेऊन येतो. बक्षीस दुसऱ्याला! १९५६ साली मुंबईत होमी वाडिया यांनी यावर हिंदी सिनेमा काढला. आजीने तो सोलापुरात बघितला होता. जुन्या पिढीच्या बोलण्यात फार उदार माणूस म्हणजे ‘हातिमताई’.

“बघ,” आजी नातीला म्हणाली, “तुझ्या त्या पुस्तकात सगळे सूड घ्यायला बाहेर पडतात. आमचा हातिम दुसऱ्याचं काम करायला बाहेर पडायचा.”

“मग त्याच्या गोष्टीत मजा काय गं?”

“मजा? अगं, सात वेळा मरता मरता वाचतो तो!”

७. बदल आणि बदला

शेवटी दोन शब्द देतो. ते घरी घेऊन जा.

मराठीत रिव्हेंजला मुख्य शब्द आहे ‘सूड’. सूड ‘घेतात’ आणि सूड ‘उगवतात’. जणू कोणीतरी पेरलेलं बी जमिनीतून वर येतं. खजुराची बी आठवली ना?

दुसरा शब्द ‘बदला’. हा अरबी ‘बदल’वरून आला. मूळ अर्थ : एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट, अदलाबदल. त्याच मुळातून मराठीत ‘बदल’ आला, ‘बदली’ आली, ‘मोबदला’ही आला. म्हणजे सूड, परिवर्तन आणि कामाचे पैसे हे तिन्ही शब्द एकाच घरातले!

त्या तीन म्हाताऱ्यांनी काय केलं? त्यांनी जिनाला मोबदला दिला. रक्ताच्या बदल्यात गोष्ट. जिन बदला घ्यायला आला होता, आणि त्याच्यात बदल झाला. हे वाक्य तुम्ही इंग्रजीत सांगून बघा. ही गंमत तिथे येत नाही. मराठीत येते, कारण मराठीने तो अरबी शब्द आपल्या घरात ठेवून घेतला.

म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर असं : देवाबादला जायचा रस्ता मराठीतून जातो. तो विजापूरवरून, पुण्यावरून आणि सोलापुरातल्या एका थिएटरवरून ग्लेन वेव्हर्लीपर्यंत येतो. आजी त्या रस्त्याने आधीच जाऊन आली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

ता. क. : आजी परत जाण्याआधी नातीने तिला ‘द सिटी ऑफ ब्रास’ रोज थोडं थोडं मराठीतून सांगितलं. पुस्तक संपलं नाही. आजी आता फोनवर विचारते, “पुढे काय झालं?”

शब्दार्थ

भरडले जाणे – दोन मोठ्यांच्या मध्ये सापडून त्रास होणे
वसवणे – नवीन गाव किंवा शहर उभे करणे
कोश – शब्द आणि त्यांचे अर्थ देणारे पुस्तक
द्विपदी – दोन ओळींची कविता किंवा कवितेतला दोन ओळींचा तुकडा
शाहीर – पोवाडे रचणारा आणि गाणारा कवी
पोवाडा – शूर माणसाच्या पराक्रमाचे गाणे
आरमार – समुद्रावरची फौज
पंचाईत होणे – काय करावे ते न कळणे
गयावया करणे – अगदी दीन होऊन विनवणे
मुदत – ठरवून दिलेला वेळ
देणी – परत करायचे पैसे (एकवचन : देणे)
वाटसरू – रस्त्याने जाणारा प्रवासी
हिस्सा – वाटा, भाग
माजघर – जुन्या घरातली मधली खोली. इथे अर्थ : घरातले रोजचे जीवन
मोबदला – कामाच्या किंवा वस्तूच्या बदल्यात दिलेले काही

बोलताना आणि लिहिताना

या पाठात ‘केलं’, ‘सांगितलं’, ‘युद्धं’ अशी बोलण्यातली रूपं आहेत. औपचारिक लेखनात आपण ‘केले’, ‘सांगितले’, ‘युद्धे’ असं लिहितो. शब्दार्थांच्या यादीत मुद्दाम लेखी रूपं वापरली आहेत. भाग ५ मधला कोणताही एक परिच्छेद घ्या आणि तो लेखी रूपात पुन्हा लिहा.

आजी नातीला ‘तू’ म्हणते, आणि नातही आजीला ‘तू’ म्हणते. मराठीत आजीला ‘तू’ म्हणणं हा अनादर नाही, ती जवळीक आहे. तुमच्या घरी आजीला काय म्हणतात? आणि आजोबांना?

प्रश्न

१. एका वाक्यात उत्तर द्या.
  अ) ‘आबाद’ या शब्दाचा अर्थ काय?
  आ) ‘खावरनामा’ दखनीत कोणी आणला आणि कोणत्या साली पूर्ण केला?
  इ) व्यापाऱ्याने जिनाकडे एक वर्षाची मुदत का मागितली?
  ई) हातिम सात प्रश्नांची उत्तरं कोणासाठी शोधतो?

२. तीन-चार वाक्यांत उत्तर द्या.
  अ) ‘एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस’ हे वाक्य पाठात दोनदा येतं. दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ काय?
  आ) शहरजादने राजाला पहिल्यांदा हीच गोष्ट का सांगितली असेल?
  इ) कृष्णाजी भास्कर कुलकर्णी आणि दौलतखान यांची नावं पाठात का आली आहेत?

३. चर्चा करा.
  व्यापाऱ्याने मुलाला मुद्दाम मारलं नाही, पण मुलगा गेला हे खरं आहे. जिनाने त्याला सोडलं हे योग्य झालं का? वर्गात दोन गट करा. एका गटाने जिनाची बाजू मांडायची, दुसऱ्याने व्यापाऱ्याची. दहा मिनिटांनी बाजू बदला.

४. घरचा अभ्यास
  अ) तुमच्या आवडत्या कादंबरीतला किंवा सिनेमातला एक लढाईचा प्रसंग निवडा. तो शत्रूच्या बाजूने दहा वाक्यांत लिहा. त्यात हे पाच शब्द आले पाहिजेत : किल्ला, फौज, हुकूम, मुदत, बदला.
  आ) घरातल्या मोठ्या माणसाला फोन करा आणि विचारा : “लहानपणी तुम्ही जादूची कोणती गोष्ट ऐकली होती? कोणी सांगितली?” उत्तर मराठीत लिहून आणा. आणि गोष्ट सांगायला लागले, तर मध्ये थांबवू नका.